धाकटीला जरा वेळ लागतो

(२४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. त्यानिमित्त पुण्यातून सामुदायिक रेडिओवर बचत गटांतल्या मैत्रिणींसाठी झालेलं हे भाषण.)

 दुपारची कामं उरकून कुणी घरी रेडिओ लावला असेल, कुणी गटाच्या बैठकीत बसून ऐकत असाल. आज मी माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात धनकवडीला राहते आणि शिवणकाम करते. आमचं मूळ गाव पुरंदर तालुक्यात. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही पुण्याला आलो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर, धाकटी जाऊ आणि पोरं, असं सगळं एकत्र.

गोष्ट माझ्या धाकट्या जावेची आहे. तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, "ताई, सगळं सांगा, फक्त नाव नको." म्हणून मी तिला धाकटीच म्हणते.

धाकटीला स्किझोफ्रेनिया आहे. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात, पण दवाखान्यात सगळे स्किझोफ्रेनियाच म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू. हा आजार काही जगावेगळा नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात साधारण ३४५ माणसांमागे एकाला तो असतो. म्हणजे दोन हजार वस्तीचं गाव धरलं, तर सरासरीने पाच-सहा जण. तुमच्या गावात असं कुणीच नाही असं वाटत असेल, तर ती माणसं घरात दडवलेली असतील, किंवा लोक त्यांना वेगळ्याच नावाने ओळखत असतील.

धाकटीचं दुखणं मुलगी झाल्यावर दोन वर्षांनी सुरू झालं. भिंतीपलीकडून बायका आपल्याबद्दल बोलतात असं तिला वाटायचं. पलीकडे तर कुणी राहतच नव्हतं. जेवणात कुणी काही घातलंय म्हणून ताट सरकवायची. रात्र रात्र जागी असायची. आमच्या सासूबाईंनी अंगारे-धुपारे केले, बाहेरचं बघणाऱ्याकडे नेलं, त्यात वर्ष-दीड वर्ष गेलं. मग एका नर्सबाईंनी आम्हाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत ते आवाज कमी झाले, झोप लागायला लागली, ती पोरीला जवळ घ्यायला लागली. आम्ही म्हटलं, सुटलो एकदाचे.

पण आज मला बोलायचंय ते आवाजांबद्दल नाही. आवाज गेल्यावर जे मागे राहिलं, त्याबद्दल बोलायचंय. कारण आवाज येत होते तेव्हा ती आजारी आहे हे आम्हाला दिसत होतं. हे मागे राहिलेलं आम्हाला आजार म्हणून कधी दिसलंच नाही. त्याला आम्ही आळस म्हणालो.

काय व्हायचं, सांगते. चहा ठेवायला सांगितला की पाणी ठेवायची आणि उभी राहायची. साखर घातली की नाही ते आठवायचं नाही, मग पुन्हा घालायची. पोळ्या करायची चांगल्या, पण माझ्या दहा होईपर्यंत तिच्या चार. भाजीला पाठवली की तीन वस्तूंतली एक आणायची. बोलताना मध्येच कुणी आलं, की आपण काय सांगत होतो ते विसरायची. एखादी गोष्ट विचारली, की उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की आम्हाला वाटायचं हिला उत्तरच द्यायचं नाही.

स्वारगेटला बससाठी उभं राहिलं तर वेगळीच तऱ्हा. पुण्यात आला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, पीएमपीची बस काही तुमच्यासाठी थांबून राहत नाही. पाटी बघायची, नंबर बघायचा, कुठे जाते ते वाचायचं आणि गर्दीतून दारापाशी पोचायचं, हे सगळं दोन-चार क्षणांत. धाकटीचं पाटी वाचून होईपर्यंत बस निघालेली असायची. आम्ही तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. डोळे ठणठणीत निघाले. शाळेतही ती हुशार होती, दहावी झालेली. मग मी म्हणायला लागले, "डोळे आहेत, शिक्षण आहे, मग करायचंच नाही हिला."

रस्त्यात ओळखीची बाई हसून पुढे गेली, तर धाकटी हसायची नाही. बाई पुढे गेल्यावर तिला कळायचं की कोण होतं. बायका मला म्हणायच्या, "तुमच्या जावेला फार गर्व."

आता मुख्य गोष्ट सांगते. २०१३ सालची. तिची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. सकाळी माझ्याकडे लग्नसराईचे ब्लाऊज आले होते. मशीनवरून मान वर न करता मी धाकटीला सांगितलं, "जाता जाता लाईट बिल भर, कोथिंबीर आण, आणि साडेअकराला पोरीला घेऊन ये." ती गेली. बिलाच्या रांगेत उभी राहिली, बिल भरलं, पावती पदराच्या गाठीला बांधून घरी आली. कोथिंबीर नाही आणि पोरगीही नाही. मला वाटलं, पोरगी शेजारी खेळत असेल. एक वाजून गेल्यावर बालवाडीच्या बाई स्वतः पोरीला घेऊन दारात आल्या. पोर रडून रडून लाल झालेली.

मी धाकटीला सगळ्यांसमोर म्हणाले, "कसली आई गं तू? पोटची पोर विसरलीस?"

ती काही बोलली नाही. त्या रात्री घरात बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, हिला माहेरी पाठवा, हिच्याच्याने काही होणार नाही. कुणी दिरांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. मी गप्प बसले. मैत्रिणींनो, मी गप्प बसले म्हणजे माझी संमतीच होती. आज इथे बसून ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. कारण तुमच्यातल्या कुणाच्या तरी घरात आत्ता अशीच बैठक बसलेली असेल.

माझे दीर मात्र हट्टाने म्हणाले, एकदा डॉक्टरांना विचारू, मग बघू. डॉक्टरांनी तिला मानसशास्त्राच्या ताईंकडे पाठवलं. मी बरोबर गेले. तिथे जे पाहिलं, त्याने माझे डोळे उघडले.

त्या ताईंनी एक कागद पुढे ठेवला. वर एका ओळीत खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेखाली एक आकडा. गोलाला एक आकडा, फुलीला दुसरा, उभ्या रेघेला तिसरा, असं. खाली नुसत्याच खुणांच्या ओळी. वर बघायचं आणि प्रत्येक खुणेखाली तिचा आकडा लिहीत जायचं. वेळ दीड मिनिट. अगदी पोरांच्या खेळासारखं. आधी मला दिलं. मी भराभर लिहीत गेले, कारण चार-सहा खुणांनंतर वर बघायची गरजच पडेना, लक्षातच राहिलं. मग धाकटीने लिहिलं. ती प्रत्येक वेळी वर बघायची, खुण शोधायची, खाली यायची, थांबायची, आणि पुन्हा एकदा वर बघून मग लिहायची. वेळ संपली तेव्हा तिचे आकडे माझ्या निम्म्याहून कमी भरले. पण त्या ताईंनी मला कागद दाखवला. धाकटीची एकही चूक नव्हती. माझ्या तीन होत्या.

दुसरी परीक्षा शब्दांची. ताईंनी एक यादी वाचून दाखवली आणि आठवतील ते शब्द सांगायला सांगितले. धाकटीला चारच सांगता आले. मग ताईंनी ते शब्द दुसऱ्या शब्दांत मिसळून विचारले, "हा होता का? हा होता का?" तर तिने बहुतेक सगळे बरोबर ओळखले. म्हणजे शब्द डोक्यात गेले होते. आपले आपण बाहेर काढणं जमत नव्हतं. कुणी हात दिला की निघत होते.

मग त्या ताईंनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

आपण बाजारात पिशवी न नेता गेलो, तर पदरात भाजी घेतो. पदरात मावेल तेवढंच मावतं. वांगी घेतली, टोमॅटो घेतले, वर मेथीची जुडी ठेवली की एखादं वांगं घरंगळतं. आपल्या मनालाही असा एक पदर असतो. आत्ताच्या कामापुरतं लक्षात ठेवायचं ते त्यात राहतं. स्किझोफ्रेनियात पुष्कळांचा हा पदर आखूड होतो. लहानपणच्या आठवणी असतात, ओव्या असतात, शाळेतल्या कविता असतात. धाकटीला तिच्या आजीच्या ओव्या आजही अख्ख्या येतात. पण आत्ता सांगितलेल्या तीन गोष्टी तिच्या पदरात मावत नाहीत.

आणि डोळ्यांचं असं, की डोळा नुसता काचेसारखा बघतो. काय बघितलं ते ओळखायचं काम मेंदूचं. त्याला क्षणाचाही क्षण लागतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. या आजारात तोच क्षण लांबतो. संशोधक याची परीक्षा घेतात. पडद्यावर एक आकृती पापणी लवायच्या आत दाखवतात आणि लगेच दुसरी. दुसरी आकृती पहिलीला जणू पुसून टाकते. दोन्हींत थोडं अंतर ठेवलं, की तुम्हाआम्हाला पहिली ओळखता येते. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना ते अंतर जास्त लागतं. स्वारगेटची बस, रस्त्यात हसून गेलेली बाई, सगळं याच हिशोबात बसतं. धाकटीला दिसत होतं. ओळख पटेपर्यंत समोरचं चित्र बदललेलं असायचं.

जगभर अशा परीक्षा घेतल्या गेल्यात. त्या खुणा आणि आकड्यांच्या परीक्षेत या आजाराच्या लोकांना जेवढं जड जातं, तेवढं फार थोड्या परीक्षांत जातं. हे बहुतेकदा पहिला झटका येण्याच्या आधीपासून थोडंफार असतं, आणि आवाज थांबले तरी राहतं. प्रत्येकाला सारखं नसतं. काहींना नावापुरतंच असतं. आणि म्हातारपणी विसरायला होतं, तसं हे दरवर्षी वाढत जात नाही. बहुतेकांमध्ये ते आहे तिथेच राहतं.

ही काही नवी गोष्टही नाही. शंभरावर वर्षांपूर्वी क्रेपेलिन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या आजाराला जे नाव दिलं होतं, त्याचा अर्थच होता तरुणपणी येणारा बुद्धिभ्रंश. म्हणजे विसरणं आणि मंदावणं त्यांना तेव्हाच दिसलं होतं. पण नाव फार कठोर होतं, आणि सगळेच रुग्ण तसे होत जातात हेही खरं नव्हतं. १९०८ साली ब्लॉइलर या स्विस डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हे नाव आणलं. पुढे १९५० नंतर आवाज आणि संशय कमी करणारी औषधं आली, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. ती औषधं फार मोलाची आहेत, त्यांच्यामुळेच आमची धाकटी माणसांत आली. पण आठवण आणि वेग यांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आणि माणूस पुन्हा घरात, कामात उभा राहील की नाही, हे पुष्कळदा आवाजांपेक्षा याच दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं.

हे सगळं ऐकल्यावर मी त्या ताईंना बालवाडीची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "त्या सकाळी तुम्ही तिला किती गोष्टी सांगितल्या होत्या?" मी म्हणाले, तीन. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. तीन गोष्टी मी सांगितल्या होत्या, तेही मान वर न करता, आणि पोरीची गोष्ट सगळ्यात शेवटी.

घरी येऊन मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, धाकटी कुठे जाणार नाही."

त्याच सुमारास आम्हाला पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेचं कळलं. ती १९९७ साली सुरू झाली. सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे खानदेशातले. कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, म्हणजे घरात तो त्यांनी स्वतः पाहिला होता. त्यांच्याच पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' नावाचा मराठी चित्रपट केला. त्यात अतुल कुलकर्णींनी स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाचं काम केलंय आणि सोनाली कुलकर्णींनी त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचं. मिळाला तर गटात सगळ्या मिळून बघा. या संस्थेत घरच्या माणसांचे स्वमदत गट चालतात. बचत गटासारखंच, फक्त इथे पैशांऐवजी अनुभव जमा करायचा आणि अडल्यानडल्याने तो उचलायचा. तिथे बसल्यावर मला कळलं की माझ्यासारखी ओरडणारी जाऊ, आई, बहीण घरोघर आहे.

आता आम्ही घरात काय बदललं ते सांगते. यातलं काहीही पैशाचं नाही.

पहिलं, एका वेळी एकच काम सांगायचं. आधी तिच्या समोर जायचं, तिने बघितलं की सांगायचं. ते झालं की दुसरं. सांगून झालं की तिला विचारायचं, "काय करायचं ठरलं?" तिच्या तोंडून एकदा आलं की ते जास्त टिकतं.

दुसरं, वस्तूंच्या जागा ठरवल्या. साखरेचा डबा डावीकडे, चहापत्तीचा उजवीकडे. जागा ठरली की शोधायला वेळ लागत नाही. गोळ्यांसाठी सात खणांची डबी आणली. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. घेतली की नाही, हा वादच मिटला.

तिसरं, भिंतीवर एक पाटी लावली. त्यावर सकाळची कामं ओळीने. झालं की खडूने खूण करायची. ज्या घरात लिहिता-वाचता येत नाही, तिथे चित्रं काढा. तांब्या, झाडू, गोळी, शाळा. पोरीला आणायच्या वेळेसाठी मोबाईलवर गजर लावला. धाकटी तो गजर आजही साडेअकराला वाजू देते. पोरगी आता कॉलेजात गेलीय, तरी.

चौथं, नवं काम शिकवताना तिला आधी चुकू द्यायचं नाही. आपण पोरांना म्हणतो, चुकलास की शिकशील. या आजारात ते उलटं पडतं. केलेली चूकच लक्षात राहते आणि पुन्हा तीच होते. म्हणून काजं-बटणं शिकवताना मी तिच्या शेजारी बसले. आधी मी केलं, मग दोघींनी मिळून, मग तिने एकटीने. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. मला वाटलं होतं आठवडा लागेल. दोन महिने लागले. पण आता माझ्याकडच्या सगळ्या ब्लाऊजची हूक-काजं तीच करते. सावकाश करते, पण तिचं हूक कधी निघून आलेलं नाही.

पाचवं, बोलताना थांबायचं. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत दुसरा विचारायचा नाही. "जेवायला काय करायचं?" असं विचारलं तर ती गोंधळते. "पिठलं करू की आमटी?" म्हटलं की लगेच सांगते. ते "हा शब्द होता का?" सारखंच झालं. आणि पाहुण्यांसमोर तिची परीक्षा घ्यायची नाही. "ओळखलंस का यांना?" हे वाक्य आमच्या घरातून गेलं.

दवाखान्यातही मेंदूचा असा सराव करून घेतात, त्याने काहींना फायदा होतो. नुसता सराव करण्यापेक्षा त्याला खऱ्या कामाची जोड दिली की जास्त. रोज पायी भरभर चालण्याचाही आठवणीला उपयोग होतो. आम्ही दोघी संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जातो, आणि खरं सांगू, त्याने माझंही डोकं शांत होतं.

आता एक महत्त्वाची सूचना. विसरणं आणि मंदपणा अचानक वाढला, तर तो आजाराचाच भाग आहे असं धरून बसू नका. अंगात रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, झोप नसेल, तरी असं होतं. कधी औषधाची मात्रा जास्त होते. हात थरथरू नयेत, अंग आखडू नये म्हणून या आजारात पुष्कळदा ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी देतात. ती काही जणांच्या आठवणीवर भार टाकते. डॉक्टरांना विचारा, "ही गोळी अजून हवी का?" पण विचारा, बरं का. मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. गोळ्या सोडल्या की आवाज परत येतात, आणि मग सगळं पहिल्यापासून.

तुम्ही म्हणाल, तू पुण्यात राहतेस, तुला दवाखाने जवळ. आमच्या वाडीवर कोण येणार? म्हणून साताऱ्याची गोष्ट सांगते. २०१४ साली लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. तो झाला होता तमिळनाडूत, गोव्यात आणि आपल्या साताऱ्यात. स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण त्यात होते. काहींना फक्त दवाखान्यातले उपचार, तर काहींना त्याबरोबर घरी येणारे स्थानिक कार्यकर्ते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, आपल्यासारखीच साधी माणसं होती, त्यांना प्रशिक्षण दिलेलं. वर्षभराने पाहिलं, तर ज्यांच्या घरी ते जात होते त्यांचा त्रास आणि रोजच्या जगण्यातली अडचण जास्त कमी झाली होती. फरक फार मोठा नव्हता, पण होता. म्हणजे शेजारची शिकलेली, समजलेली बाई ही सुद्धा उपचाराचाच एक भाग होऊ शकते.

आपल्या गटात काय करता येईल? गटात अशी कुणी बाई असेल तर तिला वगळू नका. हप्त्याची रक्कम आणि तारीख कागदावर लिहून तिच्या हातात द्या. सही करायला वेळ लागला तर मागून "लवकर गं" म्हणू नका. काम वाटताना मोजून पॅकिंग करायचं, घाईचं काम तिला देऊ नका. निवडणं, टाका घालणं, लेबल लावणं, जिथे घाईपेक्षा नेटकेपणा हवा, ते द्या. गॅस आणि कडबाकुट्टीसारख्या यंत्राजवळ मात्र एकटी ठेवू नका. आणि तिच्या घरात तिला माहेरी सोडायच्या गोष्टी चालल्या असतील, तर तिच्या सासूशी, जावेशी जाऊन बोला. आमच्याकडे तेव्हा असं बोलायला कुणी आलं नव्हतं.

थोडं कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलंय, त्यात मानसिक आजारही आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी होऊन ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर सवलतींसाठी अर्ज करता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा हक्क केलाय, आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीने बांधायला बंदी घातलीय. उपचारांसाठी पुण्यात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. बाहेरच्या जिल्ह्यांत असाल तर आधी तुमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. आणि काहीच सुचलं नाही तर १४४१६ हा नंबर लावा. हा सरकारचा टेलिमानस. २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. लिहून ठेवा.

आमचं घर आता सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. धाकटी अजून स्वारगेटला एकटी बस पकडू शकत नाही. मधून मधून गोळ्या नको म्हणते, मग दोन दिवस समजूत घालावी लागते. माझाही आवाज कधी कधी चढतो. मग ती मशीनजवळ येऊन उभी राहते आणि म्हणते, "ताई, एक एक सांगा." मी थांबते आणि एक एक सांगते.

काल मी तिला विचारलं, उद्या रेडिओवर बायकांना तुझ्याकडून काय सांगू? ती बराच वेळ गप्प होती. मी मशीन चालवत राहिले. चार काजं करून झाल्यावर ती म्हणाली, "सांगा, आम्हाला ऐकू येतं. उत्तर येतंय. जरा थांबा."

तेवढंच सांगायला आले होते.